‘किम’ हे नाव मुलाचं की मुलीचं, आणि त्याचा खरा अर्थ काय?

ताई, तुमचा प्रश्न सगळ्यांसाठी थोडक्यात परत मांडते. तुम्ही दोघं पर्थला राहता, बाळ यायचंय, मुलगा की मुलगी हे तुम्ही मुद्दाम विचारून घेतलेलं नाही. छोटंसं, तिकडच्या लोकांच्या तोंडी सहज बसेल आणि दोघांनाही चालेल असं नाव हवंय, आणि दोघांच्याही मनात ‘किम’ बसलंय. पण एका साइटवर त्याचा अर्थ ‘राजेशाही किल्ल्याचं कुरण’ दिलाय, दुसरीवर ‘सोनं’, तिसरीवर ‘लढवय्यांचा सरदार’. ऑफिसातली मैत्रीण म्हणते हे बायकांचं नाव, शेजारचे आजोबा म्हणतात छे, पुरुषाचं, आणि सासूबाई म्हणतात की हे तर कोरियातल्या त्या हुकूमशहाचं आडनाव, नातवंडाला कशाला?

मी बरीच वर्षं इंग्रजी भाषेचा इतिहास शिकवतेय आणि त्यातही नावं हा माझा खास आवडीचा विषय, त्यामुळे परदेशात राहणारे आईबाबा असले प्रश्न घेऊन नेहमी येतात. त्या अनुभवावरून सांगते, तुम्हाला छळणारा प्रश्न ‘अर्थ काय’ हा नाहीच. इतके वेगवेगळे अर्थ दिसतात म्हणजे कोणीतरी थापा मारतंय का, आणि हे नाव उद्या पोराला अडचणीचं ठरेल का, हे तुम्हाला हवंय. पहिल्याचं उत्तर असं की थापा फारशा कोणी मारत नाहीये, पण सगळ्यांनी वेगवेगळ्या नावांची गाठोडी एकाच खुंटीला टांगलीयत. किम हे एक नाव नाही. तीन-चार पार वेगळी नावं झिजत झिजत एकाच उच्चारावर येऊन थांबली, आणि साइटवाले ती सगळी एका पानावर कोंबतात. तेव्हा ‘किमचा अर्थ काय’ ऐवजी ‘कुठल्या किमचा अर्थ काय’ असं विचारायला लागतं, मग बराचसा गोंधळ आपोआप सुटतो.

इंग्रजी किमचे धागे दोन. एक किम्बर्ली, दुसरा किम्बॉल. आधी किम्बर्ली घेऊ, कारण ते कुरण तिथलं आहे.

इंग्लंडात नॉरफोकमध्ये किम्बर्ली नावाचं खेडं आहे. 1086 च्या डूम्सडे बुकात, म्हणजे विल्यम राजाने करून घेतलेल्या जमीन-मोजणीच्या दफ्तरात, त्याची नोंद सापडते, फक्त स्पेलिंग सुरुवातीला सी-एच घालून केलंय कारण त्या कारकुनांची क लिहायची पद्धतच तशी होती. या गावाच्या नावाचे तुकडे पाडले तर जुन्या इंग्रजीतले तीन शब्द मिळतात, किने म्हणजे राजघराण्याचं, बुर्ह म्हणजे तटबंदीची जागा, आणि लेआह म्हणजे रानातली मोकळी केलेली जागा. हे तीन तुकडे नुसते एकापुढे एक चिकटवले की झालं ‘राजेशाही किल्ल्याचं कुरण’. पण गावाचं नाव असं वाचायचं नसतं. पहिले दोन तुकडे मिळून किनेबुर्ह हे एका बाईचं नाव होतं, आणि गाव म्हणजे ‘किनेबुर्हचं रान’, जसं आपल्याकडे एखाद्या शिवाराला कोणाचं तरी नाव पडतं तसं. हे नाव तेव्हा खरंच वापरात होतं, सातव्या शतकात मर्सिया या इंग्लंडातल्या जुन्या राज्याचा राजा पेंडा याच्या एका मुलीचं हेच नाव, ती पुढे संत म्हणून मानली गेली आणि पीटरबरोजवळ कॅस्टर गावात आजही तिच्या नावाचं चर्च उभं आहे. त्या काळी राजघराण्यात नावं अशी दोन भारदस्त तुकडे जोडूनच करायचे, पुष्कळदा आईबापांच्या नावातला तुकडा पोरांकडे यायचा, जोडून वाक्य होतं का हे कोणी बघत नव्हतं. म्हणून ‘राजेशाही किल्ला’ असा एकत्र अर्थ लावण्यात फारसा दम नाही.

आणि गंमत बघा, नॉटिंगहॅमशायरमध्येही एक किम्बर्ली आहे, आज अगदी तेच स्पेलिंग, पण त्या नावात दडलेला माणूस पुरुष आहे, किनेमॅर. म्हणजे एका किम्बर्लीच्या पोटात बाई आणि दुसरीच्या पोटात बुवा! तुम्हाला दोघांना चालणारं नाव हवंय ना, तर त्याची मुळंच अशी मिश्र निघाली, मला हे फार आवडतं.

आता नॉरफोकच्या खेड्याचं नाव जगभर कसं पोचलं ते सांगते, कारण ही वाट थेट तुमच्या पर्थच्या वरच्या अंगाला जाते. त्या खेड्यातलं जमीनदार घराणं वुडहाऊस. त्यातल्या जॉन वुडहाऊसला 1866 मध्ये अर्ल ऑफ किम्बर्ली ही पदवी मिळाली आणि 1870 मध्ये तो ब्रिटनचा वसाहतमंत्री झाला (हाच माणूस पुढे भारतमंत्रीही होता). दक्षिण आफ्रिकेत तेव्हा हिरे सापडले होते, डी बिअर बंधूंच्या शेतावर खणणाऱ्यांची झुंबड उडाली होती, त्या वस्तीला लोक नुसतं ‘न्यू रश’ म्हणायचे. सरकारी कागदावर असलं नाव कसं चालेल, म्हणून 1873 मध्ये मंत्रिसाहेबांच्या नावाने तिचं किम्बर्ली झालं. पुढे 1880 च्या सुमारास त्याच मंत्र्याचं नाव वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या त्या प्रचंड मुलखालाही मिळालं, ब्रूमपासून कुनुनुराकडे पसरलेला तुमचा किम्बर्ली तो हाच.

मग 1899 मध्ये ब्रिटिश आणि बोअर, म्हणजे दक्षिण आफ्रिकेत वसलेले डच वंशाचे लोक, यांच्यात युद्ध लागलं, बोअर फौजांनी आफ्रिकेतल्या किम्बर्ली शहराला वेढा घातला, तो फेब्रुवारी 1900 मध्ये उठला. ब्रिटिश साम्राज्यात पेपरच्या पेपर या बातम्यांनी भरलेले असायचे आणि त्या भरात लोकांनी पोरांना चक्क लढाईच्या गावांची नावं ठेवली, लेडीस्मिथ, प्रिटोरिया आणि किम्बर्ली. यातले किम्बर्ली बहुतेक मुलगे. म्हणजे आज जे नाव ऐकलं की डोळ्यापुढे अमेरिकन बाई येते ते माणसाचं नाव म्हणून रूढ होऊ लागलं तेव्हा मुलाचं होतं, शिपाईगिरीच्या अभिमानातून आलेलं.

दुसरा धागा किम्बॉल, आणि इथे गोष्ट आपल्या मुंबईच्या अंगणात येते. किम्बॉल हे मूळ आडनाव. ते कुठून आलं याचे दोन रस्ते सांगतात, एक जुन्या इंग्रजीतलं किनेबेआल्ड, म्हणजे ‘राजघराण्याचा’ आणि ‘धाडसी’ हे दोन तुकडे जोडून, आणि दुसरा जुन्या वेल्श भाषेतलं किनबेल, तुमच्या तिसऱ्या साइटवरचा ‘लढवय्यांचा सरदार’ तो इथून आला. आता किपलिंग. रुडयार्ड किपलिंगचा जन्म 1865 चा, मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारातला, कारण वडील लॉकवुड किपलिंग तिथे शिकवायचे. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावर शेतकरी-मजुरांची जी कोरीव शिल्पं आहेत ती या वडिलांचीच. पुढे ते लाहोरच्या म्युझियमचे प्रमुख झाले, आणि मुलाने 1901 मध्ये जी कादंबरी लिहिली तिची सुरुवात त्याच लाहोर म्युझियमच्या समोर, एका जुन्या तोफेवर बसलेल्या पोरापासून होते. त्या पोराचं नाव किम्बॉल ओ’हारा, आयरिश शिपायाचा अनाथ मुलगा, बाजारात वाढलेला, सगळे त्याला किम म्हणतात आणि कादंबरीचं नावही तेच. त्याआधी किम हे तीन अक्षरांचं सुटं नाव म्हणून इंग्रजीत रूढ नव्हतं. आज इंग्रजीत जो किम आहे तो सुटा होऊन लोकांच्या तोंडी बसला तो या पुस्तकामुळे, आणि तो मुलगा होता.

याचा पुरावा हवा असेल तर किम फिल्बी बघा. ब्रिटिश गुप्तहेर खात्यात बसून रशियासाठी हेरगिरी करणारा आणि 1963 मध्ये बैरुतहून मॉस्कोला पळालेला. खरं नाव हॅरॉल्ड एड्रियन रसेल, जन्म 1912 चा अंबाल्यातला, वडील आयसीएस अधिकारी. लहानपणी नोकरचाकरांबरोबर पंजाबी बोलायचा म्हणून घरात कादंबरीतल्या पोराच्या नावाने हाक मारायला लागले, ती आयुष्यभर चिकटली. तो माणूस कसाही असो, नाव एका पुस्तकातून घरात आणि घरातून जगात कसं जातं हे इतकं स्पष्ट दाखवणारं उदाहरण दुसरं नाही.

मग हे मुलीचं कधी झालं? इथे मी जरा थांबून सांगते, कारण तुमच्या मैत्रिणीचं आणि शेजारच्या आजोबांचं भांडण इथेच मिटतं.

1926 मध्ये एडना फर्बर या अमेरिकन लेखिकेची मिसिसिपी नदीवरच्या नाटकवाल्या बोटीची कादंबरी आली, ‘शो बोट’. त्यात बोटीवर एक मुलगी जन्मते, अशा जागी की तिथे केंटकी, इलिनॉय आणि मिझुरी ही तीन राज्यं एकमेकांना भिडतात, आणि तिन्ही राज्यांची पहिली अक्षरं, के, आय, एम, घेऊन तिचं नाव किम ठेवतात. ना किम्बर्लीशी संबंध ना किम्बॉलशी, सरळ आद्याक्षरं! पुढच्याच वर्षी त्यावर ब्रॉडवेवर संगीत नाटक आलं आणि ते तुफान चाललं. त्यानंतर हॉलीवूडला हे नाव सापडलं. जॅनेट कोल नावाची नटी किम हंटर झाली. मॅरिलिन नोव्हाक नावाची मुलगी 1950 च्या दशकात स्टुडिओत आली तेव्हा मॅरिलिन हे नाव मन्रोने आधीच व्यापलेलं, मग ती किम नोव्हाक झाली, आडनाव मात्र तिने हट्टाने स्वतःचं ठेवलं. तिचे पिक्चर गाजले आणि अमेरिकेत मुलींची नावं किम ठेवायची लाट आली, पाठोपाठ किम्बर्लीची, 1960 च्या दशकात तर किम्बर्ली तिथे मुलींच्या पहिल्या पाच नावांत होतं. अमेरिकेतली आजची किम नावाची बाई बहुतेक वेळा साठीच्या आसपासची असते ती यामुळे. किम कार्दाशियन त्यानंतरची, 1980 ची, आणि तीही मूळ किम्बर्लीच.

ऑस्ट्रेलियात मात्र गोष्ट अशी एका बाजूला कलली नाही, आणि तुम्ही राहता तिथे तर नाहीच. तुमच्याकडचे दोन सर्वात प्रसिद्ध किम दोघेही पुरुष आणि दोघेही वेस्टर्न ऑस्ट्रेलियातले. एक किम बीझली, मजूर पक्षाचा नेता, पुढे राज्याचा गव्हर्नर झाला, आणि त्याचे वडीलही किम बीझलीच, तेही मंत्री होते. दुसरा किम ह्यूज, क्रिकेटवाला, पूर्ण नाव किम्बर्ली जॉन ह्यूज. आपल्याकडच्या जुन्या क्रिकेटवेड्यांना तो बरोबर आठवेल, 1979 मध्ये त्याच्या कप्तानीखाली ऑस्ट्रेलियाची टीम इथे आली होती, गावस्करच्या टीमने सहा टेस्टची सीरीज 2-0 ने जिंकली आणि शेवटची टेस्ट वानखेडेवर डावाने मारली. तुमचे शेजारचे आजोबा बहुधा या पिढीतले, त्यांच्यासाठी किम म्हणजे ह्यूज. मैत्रीण अमेरिकन पिक्चर-सिरियल बघत वाढलेली, तिच्यासाठी किम म्हणजे बाई. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. नावाला लिंग अक्षरांतून येत नाही, त्या नावाची जी माणसं आपण आधी पाहिलेली असतात त्यांच्याकडून येतं.

आता सासूबाईंचा मुद्दा, तो हसण्यावारी नेऊ नका. कोरियातलं किम हे खरंच आडनाव आहे, तिथे आडनाव आधी लावतात म्हणून आपल्याला ते नाव वाटतं, आणि साधारण दर पाच कोरियन माणसांत एकाचं आडनाव हेच असतं. त्याचं चिनी अक्षर ‘सोनं’ या अर्थाचं, व्हिएतनाममध्येही किम म्हणजे सोनं आणि तिथे ते नावात वापरतात. साइटवरचं सोनं ते इथलं. इंग्रजी किमशी त्याचं काडीचंही नातं नाही, फक्त उच्चार जुळलाय. युरोपात उत्तरेकडे अजून एक किम आहे, डेन्मार्क-स्वीडनमध्ये योआकिम या बायबलमधल्या नावाची शेपटी, तिथे तो मुख्यतः पुरुष. आणि आपल्याकडे? संस्कृत शिकलेला कोणीही पहिल्यांदा ‘कः का किम्’ म्हणणार, आणि मुंबईहून अहमदाबादला ट्रेनने गेलेला कोणीतरी सुरतेच्या पुढच्या कीम स्टेशनची आठवण काढणार. बाकी हिंदी पिक्चरवाल्यांना हे नाव नवीन नाही, ‘डिस्को डान्सर’ची हिरॉईन किम होती आणि नंतर किम शर्मा आली.

आता ठेवावं का, यावर माझं मत.

हे तुमच्या बाळाच्या आयुष्याचा बराचसा भाग कुठे जाणार यावर अवलंबून आहे. तुम्ही पर्थलाच राहणार असाल तर मला काही अडचण दिसत नाही, तिकडे मुलगा किम आणि मुलगी किम दोन्ही लोकांनी पाहिलेत, नाव जुन्या पिढीचं असल्यामुळे वर्गात त्याच नावाची चार पोरं नसतील, आणि जन्मनोंदणीत हे मुलाचं-ते मुलीचं असा नियमही नाही. पुढे अमेरिकेला जायचा विचार असेल आणि मुलगा झाला तर त्याला ‘मला वाटलं तू बाई असशील’ हे ईमेलवर अधूनमधून ऐकायला लागेल, एवढं मनाशी धरून ठेवा. काहींना त्याचं काही वाटत नाही, काहींना दरवेळी टोचतं, आणि हे आईबाबांना आधी कळत नाही.

यावर लोक म्हणतात की मग मुलगा-मुलगी कळेल असंच ठेवावं. मला हे पटत नाही. आपल्याकडे किरण मोरेही आहे आणि किरण बेदीही, कोणाचं काही अडलं नाही. याच किरण नावावरून जर्मनीत एक केस झाली होती. तिथे नावावरून मुलगा की मुलगी हे कळलंच पाहिजे असा नोंदणीवाल्यांचा आग्रह असायचा, नाहीतर जोडीला दुसरं स्पष्ट नाव लावायला सांगायचे. एका मुलीचं नाव किरण ठेवायचं म्हणून आईबाप कोर्टात गेले आणि 2008 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने सांगितलं की नावावरून लिंग कळलंच पाहिजे अशी अट आईबापांवर घालता येणार नाही. म्हणजे आपलं साधं घरगुती नाव तिकडे कायद्याचा दाखला होऊन बसलं, मला तर वाचून अभिमान वाटला होता.

दोन गोष्टी मात्र आधी ठरवा. पहिली उच्चाराची. इंग्रजीत यातली इ ऱ्हस्व, झटकन म्हणायची. मराठीत शेवटून दुसरं अक्षर आपण लांबवतो, त्यामुळे आजी-आजोबा ‘कीम’ म्हणणार हे नक्की. घरी कीम आणि शाळेत किम, पोरं याला सहज सरावतात, पण तुम्हाला ते खटकणार असेल तर आत्ताच एकदा व्हिडिओ कॉलवर दोन्हीकडच्या मंडळींना मोठ्याने म्हणायला लावा, पंधरा-वीस हाका ऐकल्या की मन काय म्हणतं ते कळतं. मी सगळ्याच आईबाबांना हे करायला सांगते आणि अर्थाच्या यादीपेक्षा याचाच उपयोग जास्त होतो.

दुसरी गोष्ट, कागदावर नुसतं किम की लांब नाव. मुलगी झाली तर ‘किमया’ हा फार छान पर्याय आहे, मराठी नाव, सासूबाईंना अर्थ सांगायला लागणार नाही, आणि हाक किम. हा शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आला, इंग्रजीतली अल्केमी आणि केमिस्ट्रीही त्याच घरातल्या, त्यामुळे इंग्रजी किमशी मुळातून नातं नसलं तरी तिला सांगायला स्वतःची गोष्ट मिळेल. मुलगा झाला तर मी सरळ किम असंच लिहीन. किम्बॉल मागे लावू नका, ते ओढूनताणून वाटतं, आणि किम्बर्ली आज मुलाला खरंच जड जाईल, मग त्याच नावाचा किम ह्यूज कितीही मोठा असो.

आणि नातेवाईक अर्थ विचारतील तेव्हा तीन साइटचे तीन अर्थ सांगत बसू नका. इंग्रजी किमच्या दोन्ही धाग्यांत बहुतेक अभ्यासक जो तुकडा बघतात तो ‘किने’, राजघराण्याचा. तेवढं सांगितलं तर खोटंही नाही आणि कोणाचं समाधान अडणारही नाही.

राहता राहिलं स्पेलिंग, तुम्ही शेवटच्या ओळीत विचारलंय की आय ऐवजी वाय घालून लिहिलं तर वेगळं आणि जरा नाजूक, मुलीचं दिसेल का. इतर देशांत कदाचित दिसेल, पण ऑस्ट्रेलियात उलटं व्हायची शक्यता आहे. तुमच्या शेजारच्या साऊथ ऑस्ट्रेलियात वायवालं किम हे पुरुषांचं म्हणून ओळखीचं आहे. ॲडलेडचे किम बोनीथन, कलादालनवाले आणि मोटर रेसिंगवाले, 1920 चा जन्म, वायनेच लिहायचे, आणि त्यांचं किम ना किपलिंगचं ना किम्बर्लीचं, ते त्यांच्या मधल्या नावाचा, रेस्किमर या इंग्लंडातल्या कॉर्नवॉलच्या घराण्याच्या नावाचा तुकडा. म्हणून मुलगा-मुलगी दोघांसाठी नाव मोकळं ठेवायचं असेल तर साधं आयवालंच लिहा. व्हिडिओ कॉलवर मंडळी काय म्हणाली ते जमलं तर इथेच कळवा.